माणूस दिसतो, घर सापडत नाही

तक्रार कक्षात फोन वाजला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे: राउटरवर कोणकोणते दिवे लागले आहेत? वीज आहे का, बाहेरची तार जिवंत आहे का, घरातलं वायफाय सुरू आहे का, हे तीन छोटे दिवे सांगतात. निम्म्याहून जास्त तक्रारी त्या दिव्यांपाशीच संपत. ग्राहक फोन कानाला धरून उठायचा, दिवे पाहायचा आणि म्हणायचा, "अरे, बटनच बंद आहे."

नागपुरातल्या एका लहान इंटरनेट कंपनीत मी या कक्षाची प्रमुख होते. त्याआधी एका दैनिकाच्या शहर आवृत्तीत उपसंपादक होते. तिथल्या डेस्कवर एक गोष्ट शिकवली गेली होती. कोण, कुठे आणि कधी, या तिन्हींची उत्तरं नसतील तर मजकूर पुढे जात नाही. ‘का’ नंतर पाहू. इंटरनेटच्या कामात ही सवय अपेक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडली, कारण तिथेही सगळा गोंधळ ‘कुठे’ आणि ‘कधी’चाच असतो.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला एक आकडा मिळतो. ठिपक्यांनी तोडलेले चार भाग. त्याला आयपी पत्ता म्हणतात. ‘पत्ता’ या शब्दामुळे लोकांचा गैरसमज होतो. त्यांना वाटतं, घरावर पाटी असते तसा हा आकडा कायम आपला. धरमपेठेतले एक गृहस्थ अंकशास्त्र मानत. आपल्या आकड्यांची बेरीज आठ येते, म्हणून धंदा बसला आहे, आकडा बदलून द्या, असा त्यांचा अर्ज होता. राउटर बंद करून थोड्या वेळानं सुरू करा, असं आम्ही सांगितलं. आकडा बदलला. पुढे ते बेरीज मनासारखी येईपर्यंत रोज सकाळी राउटर बंद-चालू करत, आणि त्यांच्या घरचे आमच्याकडे तक्रार करत. दुसऱ्या एका डॉक्टरांना कुठल्याशा वेबसाइटनं ‘तुम्ही मुंबईत आहात’ असं दाखवलं होतं. ते घाबरून विचारत होते, "माझ्या नावानं मुंबईत कोण बसलं आहे?" कोणीच बसलं नव्हतं. ती वेबसाइट आमच्या कंपनीला आकडे ज्यांनी पुरवले त्यांचं गाव दाखवत होती. आकड्यावरून जगाला फार तर एवढंच कळतं. घर कोणतं, हे फक्त जोडणी देणाऱ्या कंपनीला कळतं, आणि तेही त्या क्षणापुरतं.

कारण आकडे आमच्याकडे एका साठ्यात असत. घरचा राउटर सुरू झाला की त्या साठ्यातला एक मोकळा आकडा उचलायचा. वीज गेली की तो आकडा परत साठ्यात. वीज आली की पुन्हा वाटप. आधीचाच मिळेल याची खात्री नाही. डॉर्मिटरीतल्या खाटेसारखं. आज तुम्ही झोपलात त्या खाटेवर उद्या दुसरा कोणी झोपलेला असू शकतो. खाटेचा क्रमांक मात्र तोच.

हे एवढं समजलं असेल तर पुढचं सांगता येईल.

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. अर्ध्या शहरात वीज जाऊन नुकतीच परत आली होती, त्यामुळे कक्षात फोनची रांग होती. त्यातला एक फोन पुण्याहून होता. शुभांगी बोरकर. तिचे वडील नामदेवराव नागपूरच्या महाल भागात एकटे राहत. कन्हानकडच्या एका कोळसा खाणीत ते हजेरी क्लार्क होते, निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. मुलीनं त्यांच्या बैठकीत कॅमेरा बसवून घेतला होता आणि ऑफिसातल्या संगणकावरून ती दिवसातून दोन-चारदा वडिलांना पाहून घेई.

तिचा आवाज शांत ठेवण्याचा प्रयत्न ऐकू येत होता.

"मॅडम, मी कॅमेरा उघडला तर कोणीतरी जमिनीवर पडलेलं दिसलं. मला वाटलं बाबाच. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, मी खुर्चीत बसून टरबूज खाऊन राहिलो. मी म्हटलं, बाबा, खोटं नका बोलू, उठा. ते म्हणाले, बसल्यावर आणखी किती उठू? आणि समोर चित्रात माणूस पडलेलाच आहे. हलत नाही."

मी विचारलं, खोली तुमची आहे का?

"नाही. कपाट निळं आहे. आमच्याकडे निळं कपाट नाही. खिडकीत कूलर आहे, पण बंद असावा, पडदा हलत नाही. आणि ती बाई आहे. पातळ नेसलेली म्हातारी बाई आहे."

तिनं कॅमेऱ्यासाठी जपून ठेवलेला आकडा मी विचारला. तो नामदेवरावांच्या जोडणीचा सकाळपर्यंतचा आकडा होता. वीज गेली तेव्हा तो साठ्यात परत आला, आणि वीज आल्यावर तो दुसऱ्याच घराला मिळाला. नामदेवरावांच्या राउटरला वेगळा मिळाला. शुभांगीचा संगणक मात्र जुन्याच आकड्यावर गेला आणि त्या दुसऱ्या घराचं दार वाजवून म्हणाला, कॅमेरा दाखवा.

अनोळखी घरानं तो दाखवायला नको होता, कारण कॅमेऱ्याला पासवर्ड असतो. पण महालात कॅमेरे बसवणारा माणूस सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायचा. घरमालकांनी तो कधी बदलला नव्हता. शुभांगीच्या संगणकानं वडिलांच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड दिला आणि त्या घराचं कुलूप त्याच किल्लीनं उघडलं.

नेहमीच्या दिवशी ही गंभीर तक्रार ठरली असती. एखाद्याच्या घरातलं परक्याला दिसणं म्हणजे आमच्या धंद्यातली सर्वांत वाईट गोष्ट. मी तिला संगणकावरचं ते चित्र ताबडतोब बंद करायला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला सांगितलं, "काही झालं तरी बंद करू नका. फोनही ठेवू नका. पाहत राहा."

त्या वेळी त्या बाईकडे पाहणारी ती एकटीच होती. आणि ती बाई कुठे आहे, हे तिला माहीत नव्हतं. रुग्णवाहिकेला काय सांगणार? कॅमेरा जुना होता, त्यातून बोलता येत नव्हतं.

पहिलं काम तो आकडा सांभाळण्याचं होतं. पुन्हा वीज गेली असती तर आकडा तिसऱ्याच घराला गेला असता आणि चित्र कायमचं हरवलं असतं. सर्व्हरवर बसलेल्या सहकाऱ्याला मी तो आकडा त्या जोडणीला बांधून टाकायला सांगितला, म्हणजे वीज गेली-आली तरी तोच मिळेल. जोडणी कुणाची, हेही त्यानं सांगितलं. पराते, महाल. नोंदवलेल्या मोबाइलवर फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

लाइनमन भास्करला फोन केला. तो जवळच एका खांबापाशी होता. "परातेकडं मीच जोडणी केली ना मॅडम," तो म्हणाला. "टेलरच्या मागची गल्ली. या तुम्ही, मी तठीसाच उभा राहतो." रुग्णवाहिकेला त्या गल्लीचं तोंड सांगून मी मोपेड काढली. तिचा फोन मोबाइलवर घेतला होता, कानात शुभांगी होती.

"त्या हलल्या," ती मध्येच म्हणाली. "हात पुढे केला. मॅडम, त्या सरकताहेत." मग थोड्या वेळानं: "थांबल्या."

गल्लीच्या तोंडाशी भास्करच्या शेजारी एक उंच वृद्ध गृहस्थ डोक्यावर ओला रुमाल बांधून उभे होते. त्यांनी स्वतःच ओळख दिली. नामदेवराव बोरकर. मुलीनं ऑफिसातल्या दुसऱ्या फोनवरून त्यांना गल्ली सांगितली होती. तिच्या गोष्टीवर त्यांचा आधी विश्वास बसला नव्हता. बसल्यावर ते घरी थांबले नाहीत.

"उन्हात कशाला आलात काका?" मी म्हटलं.

"आकडा माझा होता न," ते म्हणाले. "आणि खाणीत पाळी सुटली की वर किती आले ते मोजल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही. एक कमी असला त जेवण जात नव्हतं."

परातेंच्या घराचं दार त्यांच्या सुनेनं उघडलं. तिशीच्या आसपासची बाई, पदराला हात पुसत आलेली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मी, खांद्यावर तारेचं भेंडोळं घेतलेला भास्कर आणि रुमाल बांधलेले नामदेवराव. आम्ही तिला कसे दिसलो असू, हे मला नंतर कळलं.

मी डेस्कच्या सवयीनं नेमकं विचारलं. "तुमच्या घरात कॅमेरा आहे का? घरात कोणी वयस्कर बाई आहेत का?"

"नाही. सासूबाई पारशिवनीले गेल्या. कॅमेरा नाही आमच्याकडं."

शुभांगीनं पडद्याचा फोटो काढून माझ्या मोबाइलवर पाठवला होता. मी तो दाखवला. कॅमेरा छताच्या कोपऱ्यात असणार. वरून काढलेलं धूसर चित्र, फरशीवर उजेडाचा पट्टा, कपाटाचा वरचा भाग, खिडकीतला कूलर, एक पाठ आणि पांढरे केस. तिनं ते पाहिलं.

"हे आमचं घर नाही."

ते खरं होतं. तिनं आम्हाला आत येऊ दिलं आणि आम्ही दोन्ही खोल्या पाहिल्या. निळं कपाट नव्हतं. कॅमेरा नव्हता. जमिनीवर कोणी नव्हतं. सर्व्हर सांगत होता की ती बाई या आकड्यामागे आहे, आणि या आकड्यामागे तर हे घर होतं.

इथे घरातल्या आकड्यांबद्दल सांगावं लागेल. बाहेरचा आकडा राउटरपर्यंतच येतो. घराच्या आत राउटर आपले वेगळे आकडे वाटतो. मोबाइलला एक, टीव्हीला एक, कॅमेऱ्याला एक. हे आतले आकडे शहरभर सारखेच असतात, बहुतेक ‘१९२.१६८’नं सुरू होणारे. प्रत्येक घरात एक मधली खोली असते, तसंच हे. ‘मधल्या खोलीत या’ हे वाक्य घरात उभं राहिल्यावरच कामाचं. बाहेरून कोणी कॅमेरा मागितला तर त्याला आतल्या कोणत्या आकड्याकडे पाठवायचं, हे राउटरला आधी सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे परातेंच्या राउटरला कोणीतरी तसं सांगून ठेवलं होतं. राउटर चित्र देत होता. ते येत कुठून होतं, एवढंच शोधायचं होतं.

राउटर शोकेसवर होता. त्याच्या मागे तारा लावायची चार छिद्रं असतात. हल्ली घरात सगळं वायफायवर चालतं, ही छिद्रं बहुतेक रिकामीच असतात. इथे त्यातल्या तीन छिद्रांत तारा होत्या.

"ह्या कुठल्या?" भास्करनं विचारलं.

"एक टीव्हीची. एक ह्यांच्या कॉम्प्युटरची."

"आणि ही?"

"कोणती वायर?" सून म्हणाली. मग म्हणाली, "ती अशीच आहे. जुनी."

मी शुभांगीला म्हटलं, आता मी एकेक तार काढते, चित्र गेलं की सांगा. पहिली काढली. "आहे," ती म्हणाली. परत लावली. दुसरी काढली. "आहे." तिसरी मी बोटांत धरली आणि क्षणभर तशीच धरून राहिले. त्या बाईला पाहणारा एकच डोळा होता आणि तो मी मिटणार होते. परत लावल्यावर चित्र येईलच, असं मी कुठल्याही ग्राहकाला खात्रीनं सांगितलं असतं. स्वतःला सांगता येईना.

तार काढली.

"गेलं," शुभांगी म्हणाली. "मॅडम, गेलं. लावा परत. लावा."

लावली. छिद्राजवळचा बारीक दिवा लुकलुकायला लागला. नामदेवराव माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होते.

"आलं," ती म्हणाली. "त्या अजून सरकल्या आहेत. आता तोंड वर केलं. कॅमेऱ्याकडे पाहताहेत. माझ्याकडेच पाहताहेत असं वाटतं."

ती तार भिंतीतल्या भोकातून बाहेर गेली होती. भास्कर धावत बाहेर गेला आणि तसाच परत आला. महालातल्या गल्लीत वर पाहिलं तर काय दिसतं ते महालात राहणाऱ्यांना सांगायला नको. टीव्हीच्या केबल, टेलिफोनच्या बंद पडलेल्या तारा, आमच्या तारा, आमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या तारा, सगळ्यांचा एकच दोर झालेला. "दहा-बारा घरांकडं जाते मॅडम," तो म्हणाला. "यातली कोणती, एकेक ओढून पाहा लागन."

मी सुनेला पुन्हा विचारलं, ही तार कुणाकडे जाते?

ती शोकेससमोर येऊन उभी राहिली. तिची चूक नव्हती. एक जोडणी दोन घरांत वाटून घ्यायची नाही, असा आमचा नियम होता आणि जोडणी देताना तो वाचून दाखवला जाई. महालात ही पद्धत सगळीकडे होती. शेजारी शेजारी मिळून एक जोडणी घेत, गल्लीवरून तार टाकत आणि निम्मे निम्मे भरत. कंपनीची माणसं आली की तार जुनी होत असे. आम्ही जोडणी तोडायला आलो आहोत, पडलेल्या बाईची गोष्ट हा बोलतं करण्याचा बहाणा आहे, असं ती धरून चालली होती. माझे नेमके प्रश्न ऐकून कोणीही तेच धरलं असतं.

नामदेवराव पुढे झाले. खाली बसले. थेट जमिनीवर, तिच्या समोर.

"कोणाच्या घरची आहे वं तू?"

"सावनेरची," ती म्हणाली.

"सावनेरले मी किती वर्षं राहिलो माहीत नाही तुले. आता ऐक. वायर कोणाले कापायची नाही. ही मॅडम कापतो म्हणाली त मी तिचा हात धरतो. माणूस पडला हाय कुठीतरी. कूलर बंद हाय. बाहेर काय ऊन हाय ते पाहून राहिली न तू? अशा उन्हात एकटं माणूस किती टिकन?"

तिनं माझ्या हातातला फोन घेतला. फोटो पुन्हा पाहिला. या वेळी तिनं कपाटाकडे किंवा केसांकडे पाहिलं नाही. कूलरकडे पाहिलं.

"कूलरच्या कोपऱ्याले दोरी बांधली हाय," ती म्हणाली. "काकूचा कूलर. सोनकुसरे काकू." आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "चाबी माझ्यापाशीच हाय."

तिनं खिळ्यावरची किल्ली ओढली आणि अनवाणी पळाली. आम्ही मागे. मागच्या गल्लीत, दोन वळणं घेऊन, हिरव्या दाराचं घर. दाराला बाहेरून लॅच होतं. आत काकूंचा मुलगा संजय आणि काकू दोघंच राहत. संजय सावनेरला नोकरीला होता. सकाळी जाताना आईसाठी दार ओढून घ्यायचा आणि एक किल्ली परातेंकडे ठेवायचा. कॅमेरा त्यानंच लावला होता.

दार उघडताच आतली हवा अंगावर आली. काकू कॅमेऱ्याच्या कोपऱ्याखाली एका कुशीवर होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून तिथवर फरशीवर ओल्या पातळाचा पट्टा उमटला होता. वीज गेली तेव्हा कूलरचं बटण बंद करून त्या माठाकडे गेल्या होत्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन परतताना उंबऱ्यात पडल्या होत्या. एक पाय हलत नव्हता. वीज आली तरी कूलरचं बटण भिंतीवर उंच होतं. डोळे उघडे होते.

सुनेनं कूलर लावला. नामदेवरावांनी डोक्यावरचा ओला रुमाल काढून काकूंच्या कपाळावर ठेवला आणि भास्करला म्हणाले, "पाणी एकदम नको देऊ गा. ओठ ओले कर फक्त."

"मी सरकत सरकत अठी आली," काकू म्हणाल्या. आवाज फार बारीक होता. "तठीसा पडून राहिली असती त त्याले दिसलीच नसती. स्वयपाकघर दिसत नाही म्हणते त्यात." त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं. "संजूले दिसली न मी? त्यानंच पाठवलं न तुमाले?"

संजयला काही दिसलं नव्हतं. वीज आल्यावर त्यानंही कॅमेरा उघडून पाहिला होता. त्याच्याकडे जपून ठेवलेला आकडा परातेंच्या राउटरचा सकाळचा आकडा होता, आणि तो त्या वेळी साठ्यात मोकळा पडला होता. चित्र आलं नाही. आईनं फोनही उचलला नाही. ती दुपारी फोन उशाशी ठेवून गाढ झोपते हे त्याला माहीत होतं. वीज गेली असेल, नेट नसेल, असं समजून तो कामाला लागला. त्या दुपारी त्यानं आमच्या कक्षालाही फोन केला होता. थोड्या वेळानं पुन्हा पाहा, असं त्याला सांगण्यात आलं होतं. ते उत्तर चूक नव्हतं. वीज गेल्यानंतर आम्ही सगळ्यांना तेच सांगत असू.

ही सगळी माहिती त्या खोलीत माझ्याकडे नव्हती. पण पुण्याच्या मुलीनं पाहिलं, मुलानं नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी बोलायला तोंड उघडलं.

"दिसली वं माय," नामदेवराव म्हणाले. "त्यानंच पाठवलं."

फोन सुरूच होता. शुभांगीनं ते ऐकलं. "हो म्हणा, मॅडम," ती हळू म्हणाली.

दैनिकात चुकीची माहिती छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देण्याची पद्धत होती. मी काही बोलले नाही.

रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी अडली. काकूंना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली. दिवाळीपर्यंत त्या काठी घेऊन चालायला लागल्या.

बाकीचं आवरायला जास्त वेळ गेला. कॅमेरे बसवणाऱ्याला बोलावून विचारलं तेव्हा तो मनापासून दुखावला. "मॅडम, येगयेगळे पासवर्ड ठेवले त गिऱ्हाईक विसरते आणि मंग मलेच शिव्या देते. एक असला त मी झोपेतही सांगतो." तो ज्या सहजपणे हे सांगत होता त्याचीच मला भीती वाटली. त्यानं कॅमेरे लावलेल्या घरांची दारं त्याला आठवतील त्या क्रमानं आम्ही ठोठावत गेलो आणि पासवर्ड बदलत गेलो. काही घरांत लोकांनी आम्हालाच विचारलं, आधी कोणी पाहिलं असेल का? या प्रश्नाचं उत्तर मी आजही देऊ शकत नाही. त्या एका दुपारी एक चांगली मुलगी पाहत होती, म्हणून ते आम्हाला कळलं. इतर दुपारींबद्दल काहीच माहीत नाही.

परातेंच्या तारेचा प्रश्न कार्यालयात निघाला. नियमानं ती काढायची होती. मी भास्करला अहवाल विचारला.

"कोणती वायर, मॅडम?" भास्कर म्हणाला.

आता तो प्रकार पुन्हा घडणं कठीण आहे. आकडे कमी पडायला लागले तेव्हा कंपन्यांनी एकाच आकड्यामागे अनेक घरं बसवली. बाहेरून आकडा घेऊन दार वाजवणाऱ्याला आता घर सापडतच नाही. कॅमेरे आपापल्या कंपनीच्या सर्व्हरवरून चित्र दाखवतात आणि पासवर्ड बदलल्याशिवाय सुरू होत नाहीत. हे जास्त सुरक्षित आहे, असं मी लोकांना सांगत आले, आणि ते खरंही आहे. परक्याला आता चुकून कोणाच्या घरातलं दिसत नाही. तशा एखाद्या दुपारी आज कोणी पडलं तर तेही परक्याला दिसणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी संजय सोनकुसरे कार्यालयात आला. मी त्याला घडलेलं सगळं क्रमानं सांगितलं. आकडा कोणता, कुणाकडून कुणाकडे गेला, का गेला. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "आईले हे माहीत आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"ती आता रोज कॅमेऱ्यासमोर येते," तो म्हणाला. "जेवली की येते, झोपायच्या आधी येते. वर पाहून हात दाखवते. तिले वाटते, मी बसलोच आहे तिकडं. मी कामात असतो, मॅडम. कधी पाहतो, कधी नाही पाहत." मग त्यानं विचारलं, "तिकडून कोणी पाहून राहिलं की नाही, हे घरात कळन असं काही करता येते का? एखादा दिवा वगैरे?"

त्या राउटरवरचे सगळे दिवे मला पाठ होते. विजेचा, बाहेरच्या तारेचा, वायफायचा. तसा दिवा त्यात नव्हता, आणि मी त्याला तसं सांगितलं.